वायरशार्क: कर्नलवरचा आळ उतरला

पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात मी अकरा वर्षं आहे. गेल्या महिन्यात एका शाखेच्या सर्व्हरवर नवीन लिनक्स टाकलं आणि त्याच रात्री बॅकअप अडकला. लॉगिन होत होतं, छोट्या फायली जात होत्या. मोठी फाईल पाठवली की 'स्टॉल्ड' दिसायचं आणि पुढे काहीच नाही. "मॅडम, ही नव्या कर्नलचीच भानगड, जुनं परत टाकू," असं सगळ्यांचं म्हणणं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मलाही तेच वाटत होतं.

त्याआधी वायरशार्क उघडलं. नेटवर्कवरून काय जातंय-येतंय ते दाखवणारं, 1998 मध्ये इथरियल या नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर, आजही फुकट मिळतं. सर्व्हरवर टीसीपीडंप या प्रोग्रामने पॅकेट्स, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडली आणि ती नोंद लॅपटॉपवर उघडली. ओळीमागून ओळ काळी, त्यावर लाल अक्षरं: तेच पॅकेट पुन्हा, पुन्हा, पुन्हा. वेळेचा रकाना पाहिला. आधी साधारण 0.2 सेकंदांनी, मग 0.4, 0.8, 1.6. उत्तर येईना तसा कर्नल दर वेळी दुप्पट थांबून परत पाठवत होता. तो लटकला नव्हता, नियमाने काम करत होता. वाटेत कुणीतरी पॅकेट्स गिळत होतं, आणि तीही फक्त पूर्ण भरलेली, 1514 बाइटची.

पुढचं पिंगने, म्हणजे समोरच्या मशिनला हाक मारून पाहणाऱ्या कमांडने, सांगितलं. तुकडे करायला मनाई करून 1372 बाइट पाठवले, उत्तर आलं. 1373 ला नाही. हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याचे, 28 मिळवले की 1400. व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीतून) त्याहून मोठं काही जात नव्हतं, आणि 'लहान करून पाठव' हा आयसीएमपीचा (नेटवर्कच्या सूचना पोचवणाऱ्या पद्धतीचा) निरोप मधला फायरवॉल अडवत होता. सर्व्हरला कळणार कसं?

मग जुन्या लिनक्सवर कसं चालायचं? जुनी डिस्क जोडून पाहिली. एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा) 1400, कुणीतरी कधीतरी हाताने लिहिलेलं. नव्या इन्स्टॉलमध्ये ते गेलं.

एक गोष्ट मात्र खटकते. पाठवणाऱ्या मशिनवरच कॅप्चर केलं तर काही पॅकेट्स 1514 पेक्षा कितीतरी मोठी दिसतात, कारण त्यांचे तुकडे नंतर नेटवर्क कार्ड पाडतं. नवख्या माणसाला हे वायरशार्कने तिथेच सांगायला हवं. माझा अर्धा दिवस त्यात गेला.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांना कॅप्चर पाठवलाय. तोवर नव्या सर्व्हरवर 1400 टाकलंय, आणि का टाकलंय तेही वरच्या ओळीत लिहून ठेवलंय.