बीआरटी करायची तर अहमदाबादसारखी की पुण्यासारखी?

बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट) म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा. ही मार्गिका दोन्ही शहरांनी रस्त्याच्या मधोमध आखली. पुण्याने 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर, अहमदाबादने ऑक्टोबर 2009 मध्ये ‘जनमार्ग’ नावाने. फरक पडला तो थांब्यावर.

जनमार्गात तिकीट स्थानकात शिरतानाच निघतं. फलाट आणि बसचा तळ दोन्ही सुमारे 900 मिलिमीटर उंच, दार उजवीकडे, पायरी नाही. माणूस सेकंदभरात आत जातो. पुण्याच्या पहिल्या मार्गावर बहुतेक बस नेहमीच्याच, पायऱ्यांच्या, आणि तिकीट वाहकाकडे. पायऱ्या चढायला माणशी तीन सेकंद धरले तरी 20 जणांना मिनिट लागतं. दर मिनिटाला बस सोडायची तर मागे रांग ठरलेली. ही रांग टळली, तर 70 माणसांच्या 60 बस तासाला 4,200 माणसं नेतात.

अहमदाबादेतही चूक होते ती बस लावताना. चालकाने फलाटापासून फूटभर अंतर ठेवलं, की काठीवाल्या आजी फटीकडे बघत उभ्या राहतात आणि सगळा फायदा तिथेच संपतो. फट 10 सेंटीमीटरच्या आत हवी.

पुण्याच्या खुल्या पद्धतीची बाजूही भक्कम आहे. बस मार्गिकेतून बाहेर पडून थेट वस्तीत जाते, गाडी बदलावी लागत नाही. उपनगरं विखुरलेली असतील तर हीच घ्यावी, मात्र दोन्ही बाजूंना दारं असलेल्या बस आणि स्थानकातलं तिकीट यांच्यासह.

चौक दोघांचीही परीक्षा घेतो. उजवं वळण ठेवलं की सिग्नलचे टप्पे वाढतात, बस आणि मोटारी दोन्ही ताटकळतात. दिल्लीचा 5.8 किलोमीटरचा मार्ग 2016 मध्ये उखडला गेला, त्यामागे चौकातली कोंडी हे मोठं कारण होतं. मोठ्या चौकात उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न द्यावा.

शहर उभारी घेतं ते मार्गिकेमुळे नव्हे, काठावर काय बांधू देता त्यामुळे. ब्राझीलच्या कुरितिबाने 1970च्या दशकापासून उंच इमारती बसच्या अक्षांलगतच वाढू दिल्या. अहमदाबादने मार्गापासून 200 मीटरपर्यंत 4 पर्यंत एफएसआय दिला, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपटीपर्यंत बांधकामाची मुभा. सोबत सलग फूटपाथ आणि स्थानकापर्यंत सुरक्षित क्रॉसिंग नसेल, तर गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचतच नाही.

आधी रस्ता मोजा: बसला 7 मीटर, स्थानकाला 3, मोटारींना दोन्हीकडे मिळून 13, फूटपाथला 5. एकूण 28. एवढी जागा नसेल तर फूटपाथ कापू नका, मोटारींची एक लेन काढा.