निदान चुकलं: ग्राहक आयोग, मेडिकल कौन्सिल की पोलीस?

महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या आणि शेवटी निघाला कॅन्सर. अशा वेळी नातेवाईक संतापून आधी पोलीस ठाणं गाठतात. बहुतेकांच्या बाबतीत नेमकी तीच वाट सर्वात कमी उपयोगाची ठरते.

कुठेही जाण्याआधी कागद हातात घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात, आणि भरती रुग्णाची नोंद जपण्याचं बंधन 3 वर्षांचंच आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये सीटी स्कॅन करायला सुचवलेलं असतं आणि ओपीडीच्या केसपेपरवर त्याचा मागमूसही नसतो. हे दोन कागद शेजारी ठेवले की दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त काम होतं.

नुकसानभरपाई हवी असेल तर माझं मत सरळ ग्राहक आयोगाला. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलं. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. उपचारांसाठी भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कच नाही. भरपाई किती मागता यावर हे ठरत नाही, भरलेल्या रकमेवर ठरतं. इथे पुष्कळ लोक गफलत करतात. निकाल काही महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात.

खरी अडचण पुराव्याची. निदान चुकलं एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तीच लक्षणं समोर असताना सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते झालं नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं, असं दोन्ही दाखवावं लागतं. ‘आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता’ हा बचाव हमखास येतो. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळालं तर उत्तमच, पण डॉक्टर सहसा एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत. सुदैवाने ते प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. 2010 च्या एका प्रकरणात टायफॉइडसाठीच्या विडाल चाचण्या निगेटिव्ह येऊनही मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार चालू राहिले होते. तिथे तज्ज्ञाच्या मताशिवायही निष्काळजीपणा मानता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षांची. चूक उशिरा उघड झाली तर तेव्हापासून मोजण्याला वाव आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. शस्त्रक्रियेत पोटात राहिलेलं गॉज (जाळीदार पट्टी) जवळपास नऊ वर्षांनी सापडलं, अशा एका प्रकरणातही तक्रार मुदतबाह्य ठरली: इतकी वर्षं दुखत असताना चौकशी का केली नाही, असं न्यायालयाने विचारलं.

डॉक्टरांची नोंदणी करणारी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल रुपयाही मिळवून देत नाही. डॉक्टरला ताकीद मिळू शकते किंवा नोंदणी काही काळ स्थगित होऊ शकते. ‘हे पुन्हा कुणाच्या बाबतीत घडू नये’ असं मनापासून वाटत असेल तर जरूर जा. आयोगातली तक्रार त्याच वेळी चालू ठेवता येते. मात्र कौन्सिलने डॉक्टरला निर्दोष ठरवलं, तर तोच कागद आयोगात तुमच्याविरुद्ध येतो.

पोलीस तक्रारीसाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि कारवाईआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, असं 2005 पासून ठरलेलं आहे. रुग्ण दगावला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केसपेपरमध्ये खाडाखोड केल्याचा संशय असेल तरच मी या वाटेचा गंभीरपणे विचार करेन.

सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाचं प्रकरण वेगळं. तिथे ग्राहक कायदा लागू होत नाही, दिवाणी दावाच करावा लागतो, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली सरकारला 2 महिन्यांची नोटीस. पण तेच रुग्णालय इतर काही रुग्णांकडून पैसे घेत असेल, तर मोफत उपचार घेतलेल्यालाही आयोगाचं दार उघडं असतं. त्यामुळे वकील गाठण्याआधी तिथे पेइंग वॉर्ड आहे का, ते विचारून घ्या.