एसएम५७ : दोन नग, आठ गाणी

आमच्या बँडचा पहिला अल्बम नुकताच आला. चौघं जण, आठ गाणी, पाठीशी लेबल वगैरे कुणी नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे, म्हणजे गिटार खाली ठेवायची, हेडफोन चढवायचे आणि मघाशी आपणच काय माती खाल्ली ते ऐकायचं. अल्बम ऐकून दोघातिघांनी माईक कोणता म्हणून विचारलं, म्हणून हा रिव्ह्यू. माईक शुअर कंपनीचा एसएम५७. दोन नग, आणि दुसरं काहीच नाही.

हा माईक १९६५पासून विकला जातोय. ‘एसएम’ म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’, पण नाव कमावलं ते स्टेजवर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बोलतात तिथे समोर जोडीने दिसणारे माईक, तेही हेच. जात डायनॅमिक. आत एक पातळ पडदा, त्याला जोडलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माईकला द्यावी लागणारी वीज, लागत नाही. वजन २८४ ग्रॅम. याच्या नकला भरपूर फिरतात आणि त्या बऱ्याचदा हलक्या असतात, म्हणून जुना घेणार असाल तर आधी काट्यावर ठेवा. टिकाऊपणाबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या दोन माईकांतल्या एकाने स्नेअर ड्रमवर लावलेला असताना काडीचे निदान दहा फटके खाल्लेत. डोक्यावर चरे पडलेत, आवाजात फरक नाही.

आता गिटार. पहिल्या दिवशी मी माईक अँपच्या स्पीकरच्या बरोब्बर मध्यावर लावला. हेडफोनमध्ये काय धारदार वाटला आवाज! त्याच जोशात पाच गाण्यांच्या गिटार उरकल्या. आठवड्याने सगळे एकत्र ऐकायला बसलो, तर बेसवाला म्हणाला, “अरे, हे ऐकताना दात आंबतायत.” खरंच आंबत होते. डब्यात माशी कोंडल्यासारखी गिटार.

मग मोबाईलची बॅटरी लावून अँपच्या जाळीतून स्पीकरचा कोन, म्हणजे आतला शंकूसारखा पडदा, नीट पाहिला. मधली गोल टोपी संपते आणि कोन सुरू होतो, तिथे माईक आणायचा होता. ड्रमर कानात बोळे घालून अँपसमोर उकिडवा बसला, मी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून. मी “थोडा बाहेर” म्हणायचो, तो बोटभर सरकवायचा. मध्यापासून दोन बोटं बाहेर गेल्यावर माशी गेली आणि लाकूड ऐकू यायला लागलं. आणखी दोन बोटं गेलो तर घोंगडी पांघरल्यासारखा आवाज. एवढ्याशा जागेत तीन वेगवेगळे अँप! आम्ही जाळीवर लाल चिकटपट्टी लावली आणि पाचही गाणी पुन्हा वाजवली. दोन आठवडे गेले त्यात.

स्नेअरवर कडेच्या वर दोन बोटं, आत झुकवून. पहिल्याच प्रयत्नात जमलं. किकवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) मात्र याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. खालचा खर्ज हा मुळातच कमी उचलतो. टकटक आली, धप्प आलं नाही. बेस माईक न लावता डीआयने, म्हणजे वायरने थेट घेतला, त्यामुळे तिथे प्रश्नच नव्हता.

गायिकेचा आवाज नाजूक. या माईकचं आउटपुट कमी, त्यामुळे आमच्या स्वस्तातल्या इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) गेन जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागला आणि मागे सूं सूं आलं. जोरात वाजणाऱ्या गोष्टींसाठीच्या माईकसमोर हळू गाणाऱ्या माणसाला उभं केलं, चूक आमचीच. ती माईकच्या अगदी जवळ आल्यावर आवाजाला छान ऊब आली, सूं सूंही दबलं, पण प्रत्येक ‘भ’ आणि ‘फ’ला पडद्यावर फुंकर. शेवटी फोमची टोपी घातली आणि माईक तोंडासमोरून जरा बाजूला घेतला.

खरी गंमत मिक्सिंगला कळली. या माईकचा आवाज साधारण ५ ते ६ हजार हर्ट्झच्या आसपास उचललेला असतो. एकट्या गिटारला तो उठाव शोभतो. पण डावी गिटार, उजवी गिटार, स्नेअर, गाणं, सगळं एकाच माईकमधून आलं, की प्रत्येकाचा उंचवटा एकाच जागी आणि त्यांची थप्पी लागते. मला वाटायचं, मिक्स करता येत नाही आपल्याला. तेही खरंच आहे म्हणा. शेवटी दोन्ही गिटारमधून तिथलं ३ डीबी कापलं, ती जागा गायिकेला दिली आणि शब्द कळायला लागले.

याच्यावर मी मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या हातात, कडी केली. गाणी दणकून वाजावीत म्हणून लेव्हल उणे ८ एलयूएफएसपर्यंत (हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) चढवली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४च्या आसपास आणून ठेवतं. म्हणजे चढवलेलं त्यांनी उतरवलं आणि माझ्या वाट्याला चिरडलेल्या झांजा उरल्या. पुन्हा सगळं केलं.

रिलीजची तारीख तोवर गावभर सांगून झाली होती. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे फायली दिल्या त्या रिलीजच्या चारच दिवस आधी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर निदान ७ दिवस आधी द्यावं लागतं, हे मी वाचलं नव्हतं असं नाही. गायिका माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बँडकॅम्पवर, म्हणजे बँड स्वतःच गाणी विकतात त्या साइटवर, ती भानगड नव्हती. फायली चढवल्या, बटण दाबलं, अल्बम बाहेर. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, मला ते पटतं.

तर घ्यावा का? अँप आणि स्नेअरसाठी डोळे मिटून घ्या. पण एकच घ्या. दुसरा माईक वेगळ्या स्वभावाचा हवा आणि गाणाऱ्याचा आवाज नाजूक असेल तर कंडेन्सरच (हळू आवाजही नीट पकडणारी माईकची दुसरी जात) बघा, मित्राकडून मागून आणला तरी चालेल. आम्ही दोनातला एक विकून तेच करणार आहोत. चरे पडलेला विकायचा नाही, असं ड्रमरने बजावलंय.