पाचगणीजवळची एटीव्ही (चार जाड चाकांची, मातीत पळणारी गाडी) राईड: पैसे द्यायच्या आधी सीसी विचारा

ट्रॅक एक नंबर, लाल माती, मधे खडा चढ. पण काउंटरवर कोण सांगत नाय की बारकी गाडी ११० सीसीची, जेमतेम सात-आठ हॉर्सपॉवर, सपाटीला ठीक ओ, पण आमचे भाऊजी नव्वद किलोचे, चढावर इंजिन नुसतं बोंबलत होतं अन् क्लच जळल्याचा वास सुटला, शेवटी पोरांनी ढकलली. मग २५० ची घेतली, आरामात चढली. चढाला टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, लागतो, हॉर्सपॉवर वेगात पळायला, एवढं ध्यानात ठेवा. विकत घेऊन शेतात ट्रॉली ओढायची असेल तर पोलारिस स्पोर्ट्समन ५७० सारखी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) बघा, ५६७ सीसी, तो विषयच वेगळा, किमतीला पण! हेल्मेट मात्र धुवा राव. तीन स्टार.