मुंबई ते दिल्ली: बाइक रेल्वेने पाठवावी का?

लडाखच्या सुट्टीतले महामार्गावरचे दोन-तीन दिवस वाचवायचे असतील, तर रेल्वेची पार्सल सेवा उत्तम. पण बेभरवशाची.

तिकिटासोबत ‘लगेज’ म्हणून बुक केलेली गाडी शक्यतो तुमच्याच ट्रेनने येते. ‘पार्सल’ स्वस्त, मात्र डब्यात जागा होईल तेव्हा निघते. ट्रेन जिथून सुटते तिथूनच चढवा. दोन मिनिटांच्या थांब्यावर बाइक चढवायला कोणी धजावत नाही.

आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा. टाकी पूर्ण रिकामी हवी. आरसे काढून बॅगेत टाका. हेडलाइट, टाकी, लिव्हर आणि इंडिकेटरवर फोम, त्यावर गोणपाट. पॅकिंगवाले हँडलभोवती सुतळी आवळतात, त्यात क्लचची केबल दबणार नाही हे बघा. किंमत जाहीर करून जादा शुल्क भरा, नाहीतर भरपाई वजनावर, म्हणजे नावापुरतीच मिळते. पावती जिवापाड जपा. बाइक वेळेत सोडवली नाही, तर तासागणिक दंड चढतो.

खरी पंचाईत दिल्लीत उतरल्यावर. कोरड्या टाकीवर फ्युएल इंजेक्शनची बाइक स्टार्टर मारून बघू नका. टाकीतला इंधनाचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो. ढकलत पेट्रोल पंपावर न्या, निदान दोन लिटर भरा. नकाशात ‘दुचाकी’ पर्याय निवडा, नाहीतर तो बिनदिक्कत दिल्ली-मेरठ एक्सप्रेसवेवर नेईल आणि तिथे दुचाकीला बंदी आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण हमालांशी घासाघीस करण्यात गेला.