लूप हॅबिट ट्रॅकर: खाडा पडला तरी उमेद टिकवणारं ॲप

सवयींची रोजची नोंद ठेवणारं अँड्रॉइडवरचं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि नेट नसलं तरी चालतं. पण त्याची खरी ताकद सवय किती पक्की झाली हे दाखवणाऱ्या टक्केवारीत आहे. बरीच ॲप फक्त सलग दिवस मोजतात. ४० दिवसांनंतर एक खाडा पडला की आकडा शून्यावर येतो आणि माणूस सगळंच सोडून देतो. इथे सलग दिवसही दिसतात, पण सवयीची टक्केवारी एका खाड्याने थोडीशीच घसरते. फार समंजस रचना आहे ही.

सुरुवात दोनच सवयींनी करा. दहा घातल्या तर यादी उघडायचाच कंटाळा येतो. व्यायाम 'रोज' न लिहिता 'आठवड्यातून ३ वेळा' असा नोंदवा. 'वाचन' हे मोघम झालं. मोजता येणारी सवय निवडून '५ पानं' लिहा. आजारपणासाठी सेटिंगमध्ये 'स्किप' (दिवस वगळायची सोय) चालू ठेवा, म्हणजे तशी खूण केलेल्या दिवशी टक्केवारी हलत नाही. खूण करायला त्या दिवसाचा चौकोन दाबून धरावा लागतो, नवख्यांचं इथेच अडतं. एका टॅपचा पर्याय सेटिंगमध्येच आहे.

नोंदी फोनवरच राहतात, त्यामुळे फोन बदलण्याआधी बॅकअप आठवणीने काढा.