सांगलीतला लहान मुलांचा वस्तुचित्र वर्ग : गाडगं, वांगी आणि खिडकीचा उजेड

विश्रामबागेत रविवारी सकाळी दीड तास भरणारा हा वर्ग ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. एका वेळी १२ मुलं, फी साहित्यासह महिना ८०० रुपये. या वयाच्या मुलांना वर्गात सहसा फळ्यावरचं चित्र उतरवायला नाहीतर छापील चित्रात रंग भरायला देतात. इथे समोर खरी वस्तू असते. आमच्या दृष्टीने या वर्गाचं सगळ्यात मोठं मोल हेच.

पहिली वस्तू मातीचं गाडगं. निवड अचूक आहे. गाडगं चकाकत नाही, त्यामुळे उजेडाची बाजू, मधली आणि अंधारी अशा तीन छटा लहान मुलालाही वेगळ्या दिसतात. वर्गात ट्यूबलाइट बंद ठेवून डावीकडची एकच खिडकी उघडतात, तेही योग्यच. डोक्यावर ट्यूब पेटली की सावल्या चहूकडे पसरतात आणि गोलाई हरवते.

गोल तोंडाचं भांडं शिकवण्याची इथली रीत फार चांगली आहे. या वयाचं मूल तोंड पूर्ण गोल काढतं आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ. तोंड गोल आहे आणि भांडं सपाट टेबलावर बसतं, हे त्याला माहीत असतं. तेच ते काढतं. इथे काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरून पेला हळूहळू डोळ्यांच्या पातळीपर्यंत वर नेतात. पाण्याचा लंबगोल चपटा होत होत शेवटी नुसती रेघ उरते. पेला खाली आणला की लंबगोल पुन्हा उघडतो. मग टेबलावरच्या पेल्याचं बूड डोळ्यांपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून तिथली वक्ररेषा जास्त फुगीर, हे मूल आपणहून सांगतं. त्यानंतर कागदावर आधी उभी मध्यरेषा, मग भांड्याची उंची-रुंदी दाखवणारी फिकी चौकट, मग बाहेरची रेषा.

हात लांब करून समोर धरलेल्या पेन्सिलीवर वस्तूच्या उंची-रुंदीचं माप घेणं मात्र इतक्या लहान वयात शिकवू नये. ६-७ वर्षांच्या मुलाचं कोपर दर वेळी वेगळं वाकतं, म्हणून माप दर वेळी बदलतं आणि मूल वैतागतं. त्यापेक्षा पुठ्ठ्यात १० बाय ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापून त्यातून बघायला द्यावं.

साहित्य ठीक. चौथाई इंपिरियल, म्हणजे ११ बाय १५ इंची कार्ट्रिज कागद आणि २बी पेन्सिल. त्याहून कडक एचबी दाबून चालवली की कागदावर चर पडतो, तो खोडूनही जात नाही. फार मऊ ६बी तळहाताखाली फासली जाते. पहिली २० मिनिटं खोडरबर गोळा करून ठेवतात, हे पालकांना जाचक वाटेल, पण चुकलेली रेषा समोर राहिली तरच तिच्याशेजारी बरोबर रेषा काढता येते.

खटकणारी मोठी गोष्ट बैठकीची. मुलं तीन ओळींत बसतात. मागच्यांना भांड्याऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. मग ती शेजारच्याचं नाहीतर बाईंनी काढलेलं चित्र बघतात. याची खूण लगेच सापडते : कपाच्या डावीकडे बसलेल्या मुलाच्या चित्रातही कान उजवीकडेच निघतो. मुलांना अर्धवर्तुळात बसवून वस्तू मध्ये, त्यांच्या नजरेच्या थोडी खाली ठेवली तर हे थांबेल. शिवाय बाई मुलाच्या कागदावरच रेषा दुरुस्त करतात. दुरुस्ती बाजूच्या कोऱ्या कागदावर करून दाखवावी.

दुसऱ्याच रविवारी स्टीलचा तांब्या ठेवला, ही घाई झाली. त्यात खिडकी, टेबल, मुलांचे शर्ट सगळं उमटतं आणि नेमकी सावली कोणती हे कळत नाही. तो सहा-सात पाठांनंतर यावा.

रंगांचा पाठ पाहण्यासारखा. कृष्णाकाठची दोन वांगी, एक अर्धं दुसऱ्याआड. नाहीतर मुलं वस्तू पंगतीला बसवल्यासारख्या सुट्या सुट्या काढतात. ऑइल पेस्टलने आधी फिका जांभळा, त्यावर गडद जांभळा, पडलेल्या सावलीत निळा. काळी कांडी पेटीतून काढूनच घेतलेली. सावली वांग्याला चिकटते तिथे सर्वांत गडद, लांब जाईल तशी फिकी. एवढं जमलं की वांगी हवेत तरंगत नाहीत.

सरकारी एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्राचा विषय असतो, म्हणून काही पालक आत्ताच तिची तयारी मागतात. ती परीक्षा मोठ्या मुलांची आहे. वर्गाने या मागणीला दिलेला नकार आम्हाला पटतो. बैठक बदलली तर ६ वर्षांच्या मुलाला इथे बिनधास्त घालावं. तोवर प्रवेश घेताना पुढच्या ओळीतली जागा मागून घ्या.